गुणोचं गाऱ्हाणं, आपाचे कान

मंडळी, ऐका! आज एकच सवाल. विद्या राखतो कोण? बोलणारा? मग मी तेवढा शहाणा, आणि तुम्ही सगळे रिकामटेकडे — असंच ना? हसू नका! घोरणाऱ्यांनाही हाच सवाल आहे!

कोकणात बावखोल नावाचं गाव. तिथला गुणो राऊळ. जांभळाई देवीच्या जत्रेत गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. म्हणजे काय? देवीपुढं उभं राहून सगळ्या देवांना साद घालायची, मग एकेका घराचं नाव घेऊन त्याचं भलं मागायचं. कागद नाही, चिटोरं नाही — बापाच्या तोंडून लेकाच्या कानात! आणि आवाज? अहो, गुणो "बा महाराजा" म्हणाला, की खाडीपलीकडच्या म्हशी रवंथ थांबवायच्या! खोटं वाटतं? म्हशींना विचारा!

पण गडी हातचं राखणारा. कुणी म्हटलं, "गुणोकाका, माका शिकवा," की उत्तर ठरलेलं — "मी मेल्यार शिका!" आता मेल्यावर शिकवणार कोण, बाबा?

आणि दरसाल पहिल्या रांगेत कोण बसायचा? आपा परब! बांधावरच्या फणसावरून दोघांचं हाडवैर. आपाचं लक्ष देवीकडं कमी, गुणोच्या जिभेकडं जास्त. एक शब्द इकडचा तिकडं झाला, की आपा ओरडलाच — "गुण्या! वेशीवरचो देव खंय गेलो? गिळलंस?"

गुणो करवादायचा, "मेल्या, देवीक नाय खटकला, तुका बरां खटकता!"

एका वर्षी जत्रेच्या तोंडावर गुणोला अर्धांगाचा झटका आला. तोंड वाकडं, जिभेचं लाकूड! पालखी सजलेली, ढोल थांबलेले. गाऱ्हाण्यावाचून पालखी उचलायची कशी? गुणोला खुर्चीत घालून आणलं. गाव त्याच्या तोंडाकडं बघतंय, आणि तोंडातून येतंय नुसतं — "बा... बा..." त्याला कळून चुकलं हो — पणज्यापासून चालत आलेलं गाऱ्हाणं, आता आपल्याच घशात पुरलं जाणार! डोळ्यांना धार लागली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून खोकला आला. आपा उठला. गुणोच्या मनात आलं, आता हसतलो मेलो! आणि आपानं हात जोडले —

"बा आई जांभळाई महाराजा..."

"व्हय महाराजा!" गाव दणाणलं.

मंडळी, आपा थांबेचना! डोंगरावरचा देव, वेशीवरचा देव, विहिरीतली जलदेवता — शब्दाला शब्द! गुणो जिथं श्वास घ्यायचा, तिथं श्वास. तो जिथं मान खाजवायचा, तिथं मानसुद्धा! अहो, चूक काढायची, तर बरोबर काय ते पाठ नको? जन्मभर वैर सांभाळलं, आणि त्या वैरातच गाऱ्हाणं सांभाळलं गेलं!

मग घरं आली. राऊळांचं, मेस्त्रींचं, घाड्यांचं... आणि आपा थांबला. परबांचं घर? घेतलंच नाही! भांडणापासून गुणोनं ते गाळलेलं. सगळ्या चुका काढणाऱ्या आपानं तेवढी एक कधी काढली नव्हती. स्वतःच्या घरासाठी भर देवळात तोंड कसं उघडायचं?

गुणो खुर्चीचा हात धरून अर्धा उठला. मान हलवली — नाय, नाय! लाकडी जिभेला जोर लावला, घामाघूम झाला — "प... प... परब!"

आणि मग साऱ्या गावाच्या छातीतून — "व्हय महाराजा!"

आपानं उपरण्यानं डोळे पुसले. गुणोच्या कानाशी वाकला नि म्हणाला, "उच्चार चुकलो, गुण्या!" गुणो वाकड्या तोंडानं हसला, आणि गावानं पालखी उचलली!

तर मंडळी, राखतो कोण? बोलणारा विसरतो, रुसतो, एक दिवस गप्प होतो. कानानं धरून ठेवलं, म्हणून तर देवाचं नाव तुमच्या-माझ्यापर्यंत पोचलं! त्या अनोळखी कानांचे उपकार कसे फेडायचे? तुमच्याही चुका काढणारा कुणी असेल ना? शेजारी, जाऊ, व्याही? उद्या त्याच्या दारात जाऊन हात जोडा. आणि आज माझी चूक जो सांगेल, त्याच्या मी इथंच पाया पडतो.

सांगा की! गप्प का? म्हणजे एक तर मी चुकलो नाही — नाही तर तुम्ही ऐकलंच नाही!