थर्मासातला चहा

(अमरावती. डॉ. साधना यांचा छोटा दवाखाना. समोर अचलपूरहून आलेला सरफराज आणि त्याची आई आबेदाबी.)

डॉक्टर: पुन्हा विचारते, सरफराज. दुखण्याची ती कॅप्सूल शेवटची कधी घेतली?

सरफराज: सांगतलं ना मॅडम. काल दुपारी.

आबेदाबी: अन् पोटात थोडी राह्यली असंल, तं काय होते?

डॉक्टर: मग त्या कॅप्सूलची सवय सोडवायची माझी ही गोळी उलटते. ओकाऱ्या, जुलाब, अंग पिळवटून निघतं. आधीचा अंमल उतरल्यावरच ही जिभेखाली ठेवायची.

सरफराज: उतरला. द्या, आ करतो.

डॉक्टर: थांबा. उतरला असता तर आत्ता तुम्हाला कापरं भरलं असतं. घाम नाही, जांभई नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या.

सरफराज: म्हंजे मी झूट बोलून राह्यलो? संत्र्याच्या पेट्या उचलता उचलता कंबर गेली, तवापासून झूटच बोललो. मंग बागाच वाळल्या, पेट्या गेल्या, कॅप्सूल नाई गेली. पन आज झूट नाई. पहाटे स्टँडवर मले कप धरता येत नव्हता. विचारा अम्मीले.

डॉक्टर: मग थरथर थांबली कधी?

सरफराज: चाय पेल्यावर. थर्मासातली... अम्मी?

आबेदाबी: मले भेव वाटलं.

सरफराज: ते कॅप्सूलची पट्टी तं मी तुले नालीत फेकाले देल्ली होती.

आबेदाबी: दोन ठेवल्या. एक चायमंदी फोडली. तुये अब्बा असेच थरथरले, अन् दुपारी गेले. तुले कसा पाहू मी तसा? अन् या बाई गोळी द्याले निघाल्या, तरी माया तोंडातून शब्द निघेना.

डॉक्टर: निघाला ना. आज गोळी नाही. आबेदाबी, याची थरथर कॅप्सूल सुटल्याची आहे, यातून माणूस निभावतो. पाणी पाजत राहा. उद्या याच वेळी घेऊन या, थरथरत असेल तसाच.

सरफराज: पुन्हा पहिल्यापासून.

डॉक्टर: हो. पहिल्यापासून.

सरफराज: दुसरी कुठी हाये, अम्मी?

आबेदाबी: ओढनीच्या गाठीत.

सरफराज: मले दाखवू बी नको. मॅडमच्या हातात दे.

आबेदाबी: गाठ सुटून नाई राह्यली, बेटा. माये हातच थरथरून राह्यले.

सरफराज: मी हात धरतो तुया. गाठ तूच सोड.