मासाचा आकडा

व्हय ओ, चालू हाय ह्ये अंगातलं मास मोजायचं मशीन, बंद पडलेलं दाखवाय तुम्हाला गडहिंग्लजवरनं कशाला बोलवीन — चढा वर, अनवाणी. दोन्ही दांड्या मुठीत धरा. आता बोलू नका, पावणं. हां. वजनातनं चरबी वजा केली, उरलं त्याला उंचीनं दोनदा भागलं — एकोणीस. म्हंजे उंचीच्या मानानं मास बेताचंच. जिम काढताय आन् सोता असं? ऱ्हाऊ दे. आमच्या आदर्शचा — पोरगा माझा, कुस्ती खेळतोय, खेळायचा — त्याचा एकवीस हुता. म्हैन्यात तेवीस झाला. मी तालमीतला माणूस, मांडी दाबून बघितली, म्हणलं भरली. अंगठा उचलला तर खड्डा तसाच ऱ्हायला, तरी म्हणलं भरली. म्हशीचं दूध वाढवलं. मागनं डॉक्टरनं सांगितलं, किडन्या गेल्याल्या, अंगात पाणी साठल्यालं. — न्हाय न्हाय, मशीन बिघडलं न्हाय. त्याला पाणी आन् मास एकच, चरबी सोडून जे हाय ते सगळं मासात धरतंय.

तवापासनं डायलिसिस. पाणी काढत्यात. आन् ह्यो दवाखान्यातनं आला की घरात न्हाय, थेट हितं वर, मशीनवर. आकडा उतरल्याला. "आण्णा, मास चाललं की ओ माझं." पाणी गेलंय लेका, म्हणायचं. ऐकतोय व्हय? परवा आकडा चढला. हसत खाली आला, आईला सांगितलं. मलाबी बरं वाटलं — खोटं कशाला बोलू. मागनं कळलं, चढायच्या आधी तांब्यावर तांब्या पाणी पिल्ता. त्याला दिसभरात दोन पेलं, त्ये बी मोजून. सांजच्याला दम लागला, उचलून न्यावा लागला.

काय? न्हाय, हाय जिता. आज सोडत्यात. मला? मला काय वाटत न्हाय बघा आता, जेवतो, झोपतो. किंमत तुम्ही म्हणशीला ती, मागनं द्या, न्हाय दिली तरी चालंल — गाडी गेलीया त्याला आणाय, त्यो यायच्या आत ह्ये हितनं गेलं पायजे. पुन्यांदा चढला तर पुन्यांदा पाणी पिणार. तिकडनं धरा. आन् जिन्यात काय बोलू नका, खाली त्याची आई बसलीया. तिला वाटतंय, तुम्ही मशीन दुरुस्त कराय आलाय.

उचला.