मॅक्सीनला आता मालिका आवडत नाही

“हॅलो?... कोण, मॅक्सीन? अगं, आत्ता कसा काय फोन केलास?... संपली? काय संपली?... मालिका? अगं बाई, सुरू कुठं झालीय अजून! आठला पाच कमी आहेत... नाही, नाही, नऊ नाहीत वाजायला आले. आठच... मॅक्सीन, रविवारी तुम्ही उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढं केलीत. तुम्ही अल्बर्टावाले. आम्ही सस्कॅचवानचे लोक घड्याळाला हात लावत नाही, हे काय तुला मी सांगायचं? जन्म काढलास इथं!... हं, तेच. आता तुझे आठ तेच माझे आठ, थेट नोव्हेंबरपर्यंत. दोन वर्षं झाली तुला कॅल्गरीला जाऊन, आणि मार्च आला की हाच घोळ!”

ट्वायला खुशीत हसली. फोन वाजला तेव्हाच तिनं टीव्ही मुका केला होता. पडद्यावर कुणीतरी बर्फ उपसायचं यंत्र विकत होतं. एरवी गुरुवारी संध्याकाळी ती सख्ख्या मुलाचाही फोन घेत नसे. पण मॅक्सीनची गोष्ट वेगळी. तीस वर्षं दोघींच्या मध्ये एक कुंपण होतं, आणि त्यातही एक फळी काढलेली होती. गुडघा कामातून गेला तशी मॅक्सीन लेकीच्या जवळ राहायला गेली, पण गुरुवार काही मोडला नाही. उन्हाळ्यात दोघी फोन कानाला लावून एकाच वेळी ‘सँडपायपर बे’ बघत. हिवाळ्यात ट्वायलाचा भाग तासभर आधी संपायचा. मग ती फोन लावायची आणि मॅक्सीनचा भाग संपेपर्यंत नुसती सोबत करायची. पुढं काय होणार ते ठाऊक असूनही तोंड बंद ठेवण्याचा तिला भारी अभिमान होता.

“बरं झालं, आता एकत्रच बघू. थांब, मी वड्यांची ताटली घेते... का? मी फोन करू नको म्हणजे?... झोपतेस? आठ वाजता?... गुडघा दुखतोय का?... मग?... काय म्हणालीस?... परत बोल... ‘आवडत नाही’? अगं, आजचा भाग बघायच्या आधीच?... सगळीच? अख्खी मालिकाच?... ऐक ना... नाही, आधी तू ऐक. अकरा वर्षं, मॅक्सीन!... हो, मान्य. डॉक्टरचा जुळा भाऊ आणला, ते जरा अतीच झालं... हो, इसोबेल बुडून परत आली. हो, दुसऱ्यांदा. पण तिला पोहता येतं, हे त्यांनी पहिल्यापासून दाखवलंय!... रस राहिला नाही. बरं. पण असा एका गुरुवारात कसा आटतो गं रस?... हळूहळू. मग हळूहळू सांगायचंस ना मला!”

आता खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं ट्वायलालाही त्या मालिकेतलं काही धड कळत नव्हतं. नवे चेहरे सगळे एकसारखेच दिसायचे. कोण कुणावर का चिडलंय, हे समजायच्या आत जाहिराती लागायच्या. ती मोजे विणत बसायची आणि मान वर करून मधूनमधून “अरेरे” म्हणायची. पण मॅक्सीननं नावं ठेवल्याबरोबर तिला माहेरच्या माणसाला कुणी बोलावं तसं झोंबलं.

“नाही, तू सोडून दे गं, तुला काय! मी बघेन एकटी. मी काही अशी अर्ध्यातून उठून जाणारी नाही... टोमणा कसला? जे आहे ते बोलले... थांब. हा आवाज कसला येतोय?... छे, माझा टीव्ही मुका आहे... अगं, व्हायोलिन वाजतंय, मॅक्सीन. आणि जहाजाची घंटा.”

ट्वायला कोचावरून उठून उभीच राहिली. व्हायोलिन आणि घंटा म्हणजे जुनी धून. चौथ्या वर्षी मालिकावाल्यांनी ती काढून टाकली, आणि तेव्हापासून सुरुवातीला एक मुलगी ढोलावर किंचाळायची. जुनी धून फक्त पहिल्या पर्वांच्या डीव्हीडीवर उरली होती. आणि पहिल्या पर्वाचा तो डबा खुद्द ट्वायलानंच, मॅक्सीनचं सामान ट्रकात भरून झाल्यावर, लाल फीत बांधून तिच्या मांडीवर ठेवला होता.

“शेजाऱ्यांचा टीव्ही? तुझी ती भिंत जिन्याला लागून आहे. राहून आलेय मी तुझ्याकडे... आणि आता हे कोण हसलं? जिना हसला?... मॅक्सीन, घरात कोण आहे तुझ्या?... रॉबर्टा. कोण रॉबर्टा?... समोरच्या दारातली. अच्छा, तीच का, जी तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली? जिच्या अंगावरचा सूट इतका छान होता? ऐकलंय तिच्याबद्दल. पुष्कळ ऐकलंय!... म्हणजे तुला मालिका आवडत नाही असं नाहीच. माझ्याबरोबर बघायला आवडत नाही... मग मी काय समजायचं?... हो, नवी आवडत नाही, जुनी आवडते. आणि मी कुठल्यात मोडते? नव्यात का जुन्यात?... ती डीव्हीडी मी तुला दिली होती, मॅक्सीन. तुला. एकटीला करमलं नाही तर बघायला. दुकान मांडायला नव्हती दिली... कुठं बसलीय ती?... सोफ्यावर, ते कळलं, पण कुठल्या बाजूला?... असंच विचारतेय... डावीकडे. हं... नाही, बसू दे की! मी काय पावती फाडलीय का त्या जागेची? थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत चार दिवस बसले, तेवढंच... आणि खायला काय केलंयस?... कसल्या वड्या?... गव्हाच्या लाह्यांच्या? कोको जास्त घालून? मॅक्सीन, ती माझी कृती आहे! आणि माझ्याकडे नऊ वर्षं आयत्या खाल्ल्यास, एकदा तरी घरून करून आणल्यास का?... वड्यांचं पातेलं हातात धरलं नाहीस कधी माझ्यासाठी, आणि तिच्यासाठी लाह्या परततेस!”

ट्वायलाला मत्सर वाटत होता. दुसरं नाव त्याला नव्हतं. नवरा होता तोवर तो वाटायची वेळ कधी आली नाही, कारण डेलकडे कुणी वळून बघेल असा डेलही नव्हता. आणि आता पासष्टी उलटल्यावर, एका लंगडणाऱ्या बाईपायी, आपण असं जळावं, याचा तिला स्वतःचाच राग येत होता. राग आला म्हणून जळणं काही थांबेना.

“दीपगृहाला आग कोण लावतं, ते तिला सांगून टाकलंस का?... नाही ना? मग आता आग लागली की तू काय करणार? खोटं किंचाळणार? आपण खरं किंचाळलो होतो, आठवतंय? पलीकडून तो पीटरसन फावडं घेऊन धावत आला होता... हसू नकोस. मला हसू येत नाहीये... मला खरं का नाही सांगितलंस? म्हणे झोपते!... मला वाईट वाटेल म्हणून? मग वाटलंच की!... काय?... कुणाचा?... तिचा नवरा?... कधी?... नाताळानंतर. अचानक?... जेवणाच्या टेबलावरच... अरेरे... हं... संध्याकाळी घरात थांबवत नाही तिला. हं. दिवे लावायची वेळ झाली की... कळतं गं. ते मला नको समजावून सांगूस.”

डेल गेला त्या हिवाळ्यात बर्फ खिडकीला टेकलं होतं. ट्वायला स्वयंपाकघरात दिवा न लावता बसायची. एका गुरुवारी मॅक्सीन कुंपणाच्या फटीतून आली, गरम भांडं चुलीवर ठेवलं, न विचारता टीव्ही लावला आणि म्हणाली, नवी मालिका लागतेय, मला एकटीला बघवत नाही, सरक जरा. ट्वायला सरकली होती. ते अंग हलवणं हीच त्या दिवसांतली तिची पहिली हालचाल असेल.

“तिला काय म्हणालीस तू? बोलावलंस कसं?... ‘मला एकटीला बघवत नाही’? शब्दसुद्धा तेच?... नाही, काही नाही... मॅक्सीन, एक विचारू? खरं सांगशील? पहिल्या वर्षी तुला आवडायची ना पण?... मालिका गं. दुसरं काय?... ‘तशी ठीक होती’ म्हणजे?... थांब, गुरुवारी तर तुझं कर्लिंग असायचं, ते बर्फावर दगड सरकवायचं! तूच तर कप्तान होतीस. खांदा दुखतो म्हणून सोडलंस तू, त्याच हिवाळ्यात... मॅक्सीन, खांदा दुखत होता ना?... कुठलाच नाही?... अगं, म्हणून तुला कुणाची नावं आठवायची नाहीत! अकरा वर्षं आपलं ‘तो उंच’ आणि ‘ती दिव्याची बाई’! आणि फोनवर घोरायचीस. मला वाटायचं गुडघ्याच्या गोळ्या. मी तशीच फोन धरून बसायची, माहितीय? तुझा भाग संपेपर्यंत. तू म्हणायचीस, काय मस्त झाला ना आजचा, आणि मी हो म्हणायची.”

ट्वायला परत खाली बसली. आपल्यापायी एका बाईनं कर्लिंग सोडलं, तेही कप्तानपद असताना, हे ऐकून कुणाचाही ऊर भरून येईल. तिचाही आला. पण पुढच्याच क्षणी तिच्या मनात आलं की हे सगळं, हेच शब्द, हीच पहिली डीव्हीडी, आता समोरच्या दारातल्या बाईच्या वाट्याला चाललंय. तिच्याकडे तर वड्याही आहेत.

“नाही, रडत नाहीये. सर्दी आहे... कसला वास? ओव्हनमध्ये काय ठेवलंयस?... मग जा, बघ जा आधी... नको, मला नाही बोलायचं तिच्याशी. मॅक्सीन, तिच्या हातात फोन देऊ नकोस हं... मी ठेवते, अगं ऐक... हॅलो. हो. मीच ट्वायला... तुम्हीच का? हं... तुमच्या मिस्टरांचं आत्ताच कळलं. फार वाईट झालं... हो, मॅक्सीन बोलते तुमच्याबद्दल. पुष्कळ... हळू का बोलताय? ती स्वयंपाकघरात गेलीय ना?... बोला, ऐकू येतंय... काय कळत नाही?... कोण कुणाची बायको ते. हं, सुरुवातीला होतं तसं... झोप येते... अच्छा, अजिबातच नाही आवडत. मग सांगून का टाकत नाही तिला?... तिचा एवढा जीव आहे म्हणून. हं.”

ट्वायलाच्या जिभेवर एक वाक्य येऊन बसलं. अहो, तिलाही आवडत नाही. बस्, एवढंच. रॉबर्टा हसेल, मॅक्सीन हसेल, डबा बंद होईल, रॉबर्टा आपल्या दारी जाईल आणि पुढच्या गुरुवारी आठ वाजता कॅल्गरीहून इथं फोन वाजेल. मॅक्सीनला परत एकटीला बघवणार नाही. ते वाक्य इतकं गोड लागत होतं की ट्वायलानं ते बराच वेळ तसंच तोंडात धरलं.

“आहे, आहे, मी आहे फोनवर. रॉबर्टा, ऐका... हो. फार जीव आहे तिचा त्यात. अकरा वर्षांत एक गुरुवार चुकवला नाही तिनं. त्यापायी दुसऱ्या हौशीसुद्धा सोडल्या... नाही, नाही, सांगू नका तिला. बघत राहा... तीनचार भाग झाले की बरं वाटायला लागतं... मालिका नाही हो. आपल्याला... हं. घ्या, नाक पुसा. शेजारीच रुमालांचा खोका असेल, डावीकडे असतो... आणि आणखी एक. मध्येच ती डुलकी काढेल. घोरेलसुद्धा. कंटाळली असं समजू नका, ती अशीच बघते. तेव्हा आवाज कमी करा, पण टीव्ही बंद करू नका. बंद केला की दचकून जागी होते आणि भांडते, मी बघत होते म्हणून... हो ना. लहान मूल आहे नुसतं... मी? अहो, मी बघतेच आहे. माझी सुरू झालीय इकडे. मी एकही भाग सोडत नाही... आली का ती? नको, फोन नका देऊ. तुम्हीच सांगा तिला, पुढच्या वेळेपासून मी शुक्रवारी फोन करीन... नाही, कामबीम काही नाही मला. गुरुवारी तुमची मालिका असते ना... हं. ठेवते.”