दादानं वाचवलेला जीव

नाही, पण तुम्हीच सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कोणावर? परक्यानं फसवलं तर चार शिव्या देता येतात, इथं सख्खा थोरला भाऊ... आणि एक-दोन नाही, तेहतीस वर्षं! तुम्हाला सांगतो, आमच्या नवलसिंगची जशी फसगत झाली तशी वैऱ्याचीही होऊ नये.

त्याचं असं झालं. नवलसिंग चार वर्षांचा असताना शहाद्याच्या गल्लीत विहिरीत पडला. विहीर केवढी? चाळीस हात! आणि थोरल्या फत्तेसिंगनं, वय वर्षं दहा, धाडकन उडी मारून त्याला वर काढला. हे कोण सांगतं? फत्तेसिंगच! जेवताना सांगतो, पाहुण्यांत सांगतो, मयताला जमलेल्यांनाही सांगतो. छाती ठोकून म्हणतो, "नवल्या, मी व्हतू म्हनीसन तू शेस!"

आता यावर धाकट्यानं बोलायचं काय? भाकरीचा खरपूस पापुद्रा दादाला, खाटेची वाऱ्याकडची बाजू दादाला... जीव वाचवला होता ना दादानं! आणि एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुमचा वेळ घेतला असता का? नवलसिंग व्हर्नाक्युलर फायनलला पास झाला, मास्तरकी चालून आली, डोक्याला रुमाल बांधून पोरगा निघाला, तेवढ्यात दादा म्हणाला, शेती कोण पाहील? उतरवला रुमाल! नवापूरच्या जंगलात लाकूडतोडीवर देखरेखीला खरं तर दादानं जायचं, तर दादाची पाठ दुखायला लागली, आणि गेला कोण? दोन वर्षं हिवतापानं हुडहुडत होता बिचारा, दात वाजायचे तेसुद्धा म्हणे 'दादा, दादा' असेच वाजायचे! पहिला मुलगा झाला, त्याचं नाव काय ठेवलं असेल? फत्तेसिंग! घरात दोन-दोन फत्तेसिंग... का? तर जीव वाचवला होता ना दादानं!

तर गेल्या साली शहाद्याला मामेभावाच्या मुलीचं लग्न निघालं. फत्तेसिंग, नवलसिंग आणि मधली बहीण तापीबाई, तिघं भावंडं कित्येक वर्षांनी गावात एकत्र आली. वडील कचेरीत शिपाई होते, त्यांची बदली झाली तेव्हा गल्ली सुटली ती सुटलीच. नवलसिंग म्हणाला, चला, गल्ली पाहून येऊ. दादा म्हणाला, "काय दखानं तठे? माती?" तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं की नाही? पण नवलसिंगचा स्वभाव भोळा, त्यानं नारळ घेतला. विहिरीला वाहायला!

गेले. तापीबाई तर पोरीसारखी नाचत होती, "इठे आपलं दार, इठे मायनी चूल, आन् इठे तू बाबानी चिलीम फोडी व्हती!" तिघं हसले, डोळे पुसले, सगळं झालं... पण विहीर? नवलसिंग 'विहीर कुठं, विहीर कुठं' करत गल्ली धुंडाळतोय, नारळ या हातातून त्या हातात करतोय, विहीर काही सापडेना. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून नानीबाई ओरडली. शेजारची म्हातारी, दात सगळे गेलेले, पण आवाज शाबूत!

"कसानी विहीर रे? तो हौद शे, ढोरेसना!"

बघतो तर काय, गुरांना पाणी पाजायचा हौद! नवलसिंग आत उभा राहिला तर पाणी मांडीला लागेल. नवलसिंग म्हणाला, असू दे, चार वर्षांच्या पोराला हौदही विहीरच, दादानं काढलं हे तर खरं ना?

"कोन, फत्त्यानी?" म्हातारी उठूनच उभी राहिली. "आरे, त्यानीच तं ढकलं तुले! मूठभर बोरेसकरता! तू बुडी ऱ्हायंता, आन् हाऊ गधडा निंबवर चढी बसना! तुले तापीनी काढं, तापीनी! आन् तिन्हा घागरा वल्ला व्हयना म्हनीसन तुन्ही मायनी तिलेच झोडं!"

नारळ पडला हो हातातून! आणि मग एकेक आठवायला लागलं. विहिरीत उडी मारणारा दादा घरी आला तो कोरड्या धोतरानं, असं माय नेहमी कौतुकानं सांगायची... कौतुकानं! "काय चपळ पोर!" म्हणायची! म्हणजे दादानं गल्लीच्या कोपऱ्यावर तापीबाईच्या कडेवरून पोर घेतलं, खांद्यावर टाकलं आणि आला मिरवत!

नवलसिंगनं दादाकडे पाहिलं. आता हा जमिनीत जाईल की नाही लाजेनं? छे! मिशीवरून हात फिरवत म्हणतो कसा, "मी ढकलं नसतं, तं तापी तुले काढती कशी?"

नवलसिंग बहिणीकडे वळला. "आक्का, तू तरी... तेहतीस वर्षं?"

तापीबाई हौदाच्या काठावर बसली होती. पदराचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाली, "सांगं व्हतं मी. दोनदा सांगं. माय म्हने, पोरनी जात, इतली बोलू नको. मंग मी म्हनं, जाऊ दे... भाऊ जित्ता शे ना."

मग मात्र नवलसिंग रडला. चाळिशीला टेकलेला बाप्या भर गल्लीत बहिणीच्या पायावर पडला, हुंदके देत म्हणाला, "आक्का, मन्हं समदं आयुष्य चुकीना मानूसले दिन्हं! आते तू सांगशी तसं करसू!"

तापीबाईनं डोळे पुसले. मग वाकून, अगदी मायेनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "खरंच का रे भाऊ? मंग मन्ही सासूले चार महिना लई जाय!"

लग्नाची वरात एका वाटेनं गेली आणि नवलसिंगची बैलगाडी दुसऱ्या. गाडीत तापीबाईची म्हातारी सासू, म्हातारीची खाट, म्हातारीचा खलबत्ता. चार महिने म्हणता म्हणता दुसरी दिवाळी आली. परवा त्यानं भीत भीत विचारलं, "माय, तुम्हले घरनी याद नही येस का?"

म्हातारी म्हणाली, "याद कसानी येई बेटा? ह्या घरमा इतलं ऐकनारं मानूस शे, ते सोडीसन कोठे जाऊ?"