प्रकरण संपेपर्यंत

—नाही गं, झोपलेत ते. आत्ताच डोळा लागलाय. तू बस ना. त्या खुर्चीत नको, ती माझी वाचायची खुर्ची, इकडे सोफ्यावर ये. ज्ञानदा ना तू? सत्यजित म्हणाला फोनवर — आई, या वेळी मराठी स्पीच थेरपिस्ट मिळालीये, स्ट्रोकनं बाबांचं इंग्लिश पुसलं गेलंय, मराठीतून वाचा येईल कदाचित. तिकडे त्याच्या गावी, बॉथेलमध्ये बसून सगळं शोधत असतो तो, पोरगा गुणी आहे, नाही म्हणत नाही मी. पण दमलेल्या माणसाला उठवून 'आ' करा, 'ई' करा, हे मला काही पटत नाही. चहा टाकते. पुण्याची ना तू? नागपूर? बरं, नागपूर तर नागपूर, चहाला कोण नाही म्हणतंय!

अय्या, ती पुस्तकं बघतेयस होय? बघ, बघ, हात लाव. सगळ्या व्हिक्टोरियन कादंबऱ्या, इथे अमेरिकेतच जुन्या पुस्तकांच्या सेलमधनं एकेक करून आणलेल्या, सातशे-आठशे पानांच्या विटा नुसत्या. तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या फार्मसीत उभी होते — डोस, मिलिग्रॅम, हे पाठवा, ते आत्ता पाठवा — रिटायर झाले तेव्हा म्हटलं, आता जे सावकाश चालतं तेच वाचायचं. काय मजा असते सांगू तुला? एका बाईचं पत्र निघतं, ते पोचायला नऊ दिवस! नऊ दिवस तिचा जीव टांगणीला, आणि लेखक काय करतो? तर तिच्या शेजारणीच्या टोपीचं वर्णन करतो, दोन पानं! आणि आपण वाचतो की, निमूट वाचतो, कारण मधेच तो आपल्याला हाताला धरून बाजूला घेतो आणि सांगतो, बघा हं, ही बाई दिसते तशी नाही. मला अगदी बरं वाटतं. कुणीतरी माझ्याशी सावकाश बोलतंय असं वाटतं. नाहीतर तुमचं आजकाल, एक मेसेज टाकला की संपलं. तिथे गुपित असतं ना, ते माणसं चारशे पानं पोटात घेऊन हिंडतात, जेवतात, चर्चला जातात, लग्नं लावतात. आणि शेवटच्या शंभर पानांत सगळं उघडकीला येतं, एकूण एक. पूर्वी मला तेच फार आवडायचं. हल्ली मी शेवटची शंभर पानं वाचत नाही.

काही नाही गं, असंच. कंटाळा येतो.

साखर? हे घे. यांना नाही कधी आवडलं माझं वाचणं. 'मेलेल्या मडमांची रडगाणी' म्हणायचे — आणि घरात नव्हे, चारचौघांत, महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला, सगळे हसायचे, मीही हसायचे. आता मात्र ऐकतात हो! रोज दोन ते चार मी त्यांना वाचून दाखवते, वरती, पलंगाशी बसून. इंग्लिश कळतं की नाही कुणास ठाऊक, पण मी वाचते. डोळ्यांतनं पाणी येतं त्यांच्या. परवा तर पलंगाचा कठडा धरून गदागदा हलवायला लागले, मी म्हटलं, बघा, इतकं भिडतं की नाही? आणि वाचत राहिले. मधे बोलायची सवय होती ना त्यांना. पान उलटायचा अवकाश, वरून हाक — अगं! आमच्यात नाव घेऊन हाक मारायची रीत नव्हती. सत्तेचाळीस वर्षं मी नुसती 'अगं'. चहा हवा, अगं. चष्मा सापडत नाही, अगं. रिमोट त्यांच्याच मांडीवर असायचा, तरी अगं. सत्यजित झाला तेव्हा दवाखान्यात आत आले, बाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'अगं.' बस्स, तेवढंच. तेव्हा मात्र मला रडू आलं होतं.

आधीच्या थेरपिस्टनी काय काय लिहिलंय तुझ्या कागदात? 'अर्थहीन आवाज'? गोरी होती ती, तिला काय कळणार! ते 'अगं' म्हणायचे. चौथ्या सेशनला आणखी एक शब्द आला — हाक. 'अगं, हाक.' 'अगं, हाक.' पुढचं काही येईना, नुसते माझ्याकडे बोट करून रडायला लागले, ती बिचारी टाळ्या वाजवतेय, व्हेरी गुड, व्हेरी गुड म्हणून! मी त्याच संध्याकाळी फोन करून थेरपी कॅन्सल केली. का म्हणजे? त्रास होतो गं माणसाला. बघवत नाही.

अशी बघू नकोस माझ्याकडे. तू कुठे होतीस त्या दिवशी? दुपारचे तीन वाजले होते, मी त्याच खुर्चीत. गोष्टीतली ती विधवा शेकोटीसमोर उभी होती, मेलेल्या नवऱ्याचं बंद पत्र हातात — फोडायचं की तसंच आगीत टाकायचं — तीनशे पानं थांबले होते गं मी त्या एका पत्रासाठी. आणि वरून हाक आली. अगं. म्हटलं, असेल चहा. मग कप फुटल्याचा आवाज. म्हटलं, फुटला तर फुटला. मग परत अगं, पण ते... ते वाकडं होतं. जीभ सुजल्यासारखं. फार्मसीत तीस वर्षं काढली मी, मला काय कळत नव्हतं? कळलं. लगेच कळलं. पण मनात आलं, आज एकदा, सबंध जन्मात एकदाच, मी प्रकरण संपवून उठणार. अकरा पानं राहिली होती. बारीक टाइप. अर्धा तास धर.

जाळलं तिनं. न वाचताच.

मग मी वर गेले. ते पडलेले होते, कपाच्या काचा सगळीकडे. नाइन-वन-वनला फोन केला, अँब्युलन्सची माणसं आली, ती पॅरामेडिक बाई विचारते, हे शेवटचे नीट कधी होते? आता काय सांगू? मी खाली कादंबरी वाचत होते म्हणून सांगू? सत्यजित काय म्हणेल, मंडळात काय म्हणतील — तोंडातून निघून गेलं, सकाळी आठला, नाश्त्याला, मग झोपले ते उठलेच नाहीत. आणि ते गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मीच किती वेळा तयार करून पाठवलंय, धावत! मी आठ सांगितल्यामुळे ती वेळ टळून गेली होती. नाही दिलं त्यांनी. डॉक्टर दोनदा विचारायला आले मला, नक्की आठच ना? मी पर्स पोटाशी धरून उभी. एक वाक्य बोलायचं होतं. अजून वेळ होता गं, खरंच होता. मी म्हटलं, हो, आठच.

चूक झाली. चूकच म्हणायची ना याला? मी रोज म्हणते स्वतःला.

लिहितेयस काय? ते नाही लिहायचं. पेन ठेव खाली. पुस्तकांबद्दल बोलत होतो आपण. आणि जिन्याकडे कुठे निघालीस? ज्ञानदा, थांब. हो, जागे आहेत. जागेच होते मघापासून, बेल वाजली तेव्हा मान वळवली होती त्यांनी. पण घर माझं आहे, आणि त्यांच्या औषधपाण्याचं काय करायचं ते ठरवायचा हक्कही माझा, रीतसर कागद झालेले आहेत. ये इकडे. बस म्हणत नाही आता, फॉर्म दे फक्त. कुठे आहे ते — पेशंटने थेरपी नाकारली — हं, तिथे खूण कर. त्यांना 'नाही' म्हणता येत नाही हे ठाऊक आहे मला. म्हणून तर त्यांच्या वतीनं मी म्हणतेय. ही घे सही.

सत्यजितला फोन करणार? कर की. बाबांची तब्येत, त्यात आई एकटी, थकलेली, वाट्टेल ते बोलते — असंच वाटेल त्याला, आणि संध्याकाळी मी रडले की तोच माझी समजूत काढेल. चहा राहू दे तसाच. बॅग घे तुझी. दोन वाजत आले, मला वर जायचंय, आज त्या शेकोटीच्या प्रकरणापर्यंत आलोय आम्ही. दार ओढून घे जाताना. जा.