‘अचानक’ हा शब्द वगळून

जबाब देणार: रेणुकादास माणिकराव उमरीकर, वय ६८ वर्षे, धंदा सध्या काही नाही, पूर्वी न्यायालयात वरिष्ठ लिपिक, राहणार नांदेड.

आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी चंद्रप्रभा हिच्यासह राहतो. मुलगा आलोक, वय ३७, पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरीला असून सून देविका व चार वर्षांची नात आरती त्याच्याजवळ असतात. दिवाळीसाठी तिघे नांदेडला आले होते. आलोक आम्हाला एकुलता एक आहे. हे मला कोणी विचारलेले नाही, तरी लिहून घ्यावे.

मला चारचाकी चालवता येते. माझ्याकडे तेवीस वर्षे एकच गाडी होती, क्लच-गिअरची. त्या काळी दुसरी कुठली मिळतही नव्हती. आलोकला गाडी मीच शिकवली. रविवारी सकाळी कॉलेजच्या मैदानावर तो चालवायचा आणि मी डाव्या सीटवर हँडब्रेकला हात लावून बसायचो. तो क्लच धसकन सोडायचा, गाडी गचके खाऊन बंद पडायची, तो चिडायचा आणि मला हसू यायचे. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या पायांकडे लक्ष ठेवावे, रस्ता आपोआप कळतो, असे माझे मत होते. ती खोड अजून गेलेली नाही. कोणाच्याही शेजारी बसलो की माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते. पुढे याचा संबंध येतो म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आलोकने या दसऱ्याला नवी गाडी घेतली. तिला क्लच नाही. डाव्या पायाला कामच नाही म्हणजे तो सरकारी नोकरासारखा बसून पगार खाणार, असे मी म्हणालो तेव्हा देविका हसली होती. त्या गाडीत एडास नावाची व्यवस्था आहे. पुढच्या काचेवर कॅमेरा आहे. वेग एकदा ठरवून दिला की गाडी तो धरून ठेवते, पुढे वाहन आले की आपोआप हळू होते, पांढरा पट्टा ओलांडू लागली तर स्टिअरिंग स्वतःहून आत ओढते आणि समोर माणूस आला तर ब्रेक मारते. हे सर्व मला आलोकने सांगितले आहे. मला स्वतःला त्यातले काही कळत नाही.

पत्नी भाऊबीजेला लातूरला तिच्या भावाकडे गेली होती. तिला आणण्यासाठी घटनेच्या दिवशी सकाळी आलोक व मी दोघेच निघालो. देविका आरतीला घेऊन घरी थांबली. लोहा मागे पडल्यावर आलोकने वेग ठरवून दिला आणि पाय मागे घेतले. दोन्ही पाय सीटजवळ चटईवर टेकलेले होते, एखादा माणूस ओसरीवर बसतो तसे. मी म्हणालो, एक पाय तरी ब्रेकजवळ ठेव. तो म्हणाला की बाबा, तुम्ही अजून मैदानावरच आहात.

पुढे एक ट्रक चालला होता. आमची गाडी त्याच्यामागे आपोआप हळू झाली आणि अंतर ठेवून चालू लागली. आलोकने हात मांडीवर ठेवून मला ते दाखवले. खरे सांगायचे तर मला कौतुक वाटले. पोरगा सुखात आहे, गाडी त्याची काळजी घेते आहे, असेही मनात आले. वाटेत एका खड्ड्यासाठी त्याने गाडी जराशी बाजूला घेतली तेव्हा स्टिअरिंग थरथरले आणि परत आत आले. सिग्नल दिल्याशिवाय ती पट्टा ओलांडू देत नाही, असे तो म्हणाला. आपल्याकडे खड्डा चुकवायला सिग्नल कोण देतो, असे मी म्हणालो. त्यावर आम्ही दोघे हसलो.

टाकळवाडी गावाच्या अलीकडे तो ट्रक धाब्यावर वळला. समोर मोकळे दिसताच आमच्या गाडीने आपणहून वेग घेतला. रस्ता तिथे सरळ आहे. आमच्याच बाजूला, पुढे बऱ्याच अंतरावर, डाव्या पट्टीत सोयाबीन वाळत घातले होते. कडेने दगड मांडले होते. आपल्या भागात सुगीला हे सगळीकडे असते. सोयाबीनवर एक बाई आमच्याकडे पाठ करून खाली बसली होती आणि सुपाने पाखडत होती. कडेला एक म्हातारी उभी राहून आम्हाला हात करत होती.

विचारल्यावरून सांगतो की, ती बाई मला स्पष्ट दिसली. मी म्हणालो, “आलोक, बाई बसलीय.” तो म्हणाला, “दिसली, बाबा. थांबते ती. बघत राहा.” ‘ती’ म्हणजे गाडी. मी त्याच्या पायांकडे पाहिले. पाय चटईवरच होते. मी पुन्हा त्याचे नाव घेतले. आता लागेल ब्रेक, आता लागेल, असे त्याच्या चेहऱ्यावर होते. आरतीला बाहुली बोलते का ते बघताना तिचा चेहरा होतो तसा.

माझा हात खाली हँडब्रेककडे गेला. त्या गाडीत दांडा नाही. माझ्या हाताला पाण्याची बाटली लागली.

अगदी जवळ गेल्यावर आलोकने स्टिअरिंग उजवीकडे मारले. सिग्नल दिला नव्हता. स्टिअरिंग थरथरले आणि त्याच्या हाताविरुद्ध परत ओढले गेले. त्याने पुन्हा जोर लावला, पण तेवढ्यात धडक बसली. ब्रेक लागला तो त्यानंतर. तो गाडीने मारला की आलोकने, हे मला सांगता येणार नाही. गाडीने आधी का मारला नाही, हेही सांगता येणार नाही. मी फक्त पाय पाहिले.

त्या बाईचे नाव सिंधु, नवऱ्याचे नाव बजरंग. नवरा त्या वेळी शेतात होता. हात करणारी म्हातारी साखराबाई ही तिची सासू. माणसे जमली. कोणी आम्हाला मारले नाही. दुसरे वाहन थांबेना म्हणून सिंधुला आमच्याच गाडीत मागे घेतले. डोके साखराबाईंच्या मांडीवर होते. आलोकचे हात चालत नव्हते म्हणून दवाखान्यापर्यंत गाडी मी चालवली.

मी अशी गाडी पूर्वी चालवलेली नव्हती. वळणावर गिअर बदलायचा म्हणून माझा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला. क्लचसारखाच पूर्ण दाबला गेला. गाडी जागच्या जागी थांबली आणि मागच्या दोघी पुढे आदळल्या. असे दोनदा झाले. दुसऱ्या वेळी आलोकने माझा डावा गुडघा हाताने धरून ठेवला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

साखराबाई रडत नव्हत्या. दवाखाना जवळ आल्यावर त्यांनी मागून विचारले, “लई लांबून दिसत होती की ओ ती. मी हात बी केला. तुमाला दिसली न्हाई का?”

मी म्हणालो, “दिसली.”

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून, आणण्यापूर्वीच गेली होती, असे सांगितले. वाटेत केव्हा, हे मी विचारले नाही. विचारायला पाहिजे होते, पण माझ्याने झाले नाही.

माझा जबाब लिहून घेणारे हवालदार राजशेखर यांनी पहिल्या मसुद्यात ‘सदर महिला अचानक उठून गाडीसमोर आली’ असे लिहिले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. छत्तीस वर्षे मी अपघाताची कागदपत्रे हाताळली, त्यातला प्रत्येक मृत माणूस अचानक आडवा आलेला आहे. मला तेव्हा कधी त्याचे काही वाटले नाही. सिंधु उठली नाही. ती आली नाही. ती बसली होती आणि आम्ही तिच्यावर गेलो. म्हणून तो शब्द व ते वाक्य काढायला लावून जबाब पुन्हा लिहायला सांगितला.

आलोकने आपल्या जबाबात ती अचानक उठली असे सांगितल्याचे मला समजले. त्याबद्दल विचारल्यावरून सांगतो की, ते खरे नाही. तो खोटारडा मुलगा नाही. अपघाताच्या रात्री तो मला म्हणाला की बाबा, ती थांबेल असे मला खरेच वाटले होते. हे मात्र खरे आहे. पण ते त्याच्या वकिलाच्या उपयोगाचे नाही.

काल देविका माझ्यासमोर येऊन बसली. शिक्षा झाली तर त्याची नोकरी जाईल, आरतीला काय सांगायचे, असे ती बोलत राहिली. शेवटी म्हणाली, “बाबा, एक शब्द तर आहे. तुम्ही काही पाहिलंच नाही असं सांगा, तेवढंही चालेल.” चंद्रप्रभाने लातूरहून आल्यावर एवढेच विचारले होते की तुम्ही शेजारी होता, तुम्ही काय केले. त्या दिवसापासून आमच्यात दुसरे बोलणे नाही. स्वयंपाक होतो, ताट वाढले जाते. मुलावर माझे प्रेम नाही असे घरात धरून चालले आहेत. मी ते खोडून काढत बसलो नाही.

माझ्या या सांगण्याने सिंधुच्या घरच्यांचे काही भले होईल असेही मला वाटत नाही. बजरंग दवाखान्यात आला तेव्हा त्याने कोण चालवत होते, कसे झाले, काहीच विचारले नाही. रस्त्यावर सोयाबीन घातले ही आमचीच चूक, असे गावातली माणसे त्याला समजावत होती आणि तो मान हलवत होता.

काल रात्री आलोक माझ्या खोलीत आला. तो रागावलेला नव्हता. म्हणाला, “बाबा, तुम्हाला सांगायचं ते सांगा. पोलिसातला जबाब नुसता पुरावा होत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय. कोर्टात उभं राहून सांगावं लागतं. तारीख लागायला चार-पाच वर्षं जातात.”

ते बरोबर आहे. या कागदाची किंमत मी जिवंत असेपर्यंतच आहे. पायांबद्दल सांगणारा माझ्याशिवाय कोणी नाही. आलोकच्या मनात काय येऊन गेले ते मला कळले, आणि मला कळले हे त्यालाही कळले. मग त्यानेच कपाटातून माझी रक्तदाबाची गोळी काढली, पाणी आणले आणि मी गिळेपर्यंत ग्लास धरून उभा राहिला.

जबाब मला मराठीतून सावकाश वाचून दाखवण्यात आला. मी सांगितले तसाच आहे, खरा आहे. पोलिसांसमोरच्या अशा जबाबावर सही घेत नाहीत, हे मला माहीत आहे. माझी घ्यावी, अशी विनंती मी केली. तसे करता येत नाही, असे मला सांगण्यात आले.