कडीतली वीज

सरांचा चष्मा आणि वह्या न्यायला त्यांच्या पत्नी आल्या होत्या. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर त्या बसल्या. अर्ध्या उघड्या दारातून जुने तंत्रज्ञ अण्णा आणि सरांची विद्यार्थिनी यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"अण्णा, कडी गार ठेवणारं हेलियम संपत आलं. थंडावा आज बंद करायचा ना?"

"करायचाच. पण हात धजत नाही गं. कडीत वीज फिरतेय ना अजून."

"सर जाऊन एकोणीस दिवस झाले."

"आदल्या दिवशी त्यांनीच सोडलेली. मागून ढकलायला कुणी नाही, तरी फिरतेय बिचारी. तिला अडवणारंच काही नाही त्या कडीत."

"नुसत्या लोखंड-आर्सेनिकच्या कडीत फिरली नसती."

"छे! लोखंड महाहट्टी, आपलं चुंबकपण सोडेल तर शपथ. शंभरात आठ जागी लोखंड काढून कोबाल्ट बसवला, तेव्हा कुठे वळणावर आलं. कोबाल्ट फार झाला असता, तरी सगळं मुसळ केरात."

"सर म्हणायचे, आमच्या घरात मी लोखंड आणि ही कोबाल्ट."

बाकावर बाईंनी श्वास रोखला.

"चल, उरक. ऊब लागली की क्षणात विझेल."

"थांबा अण्णा. वीज मोजणारा काटा वर चढलाय."

"खुळी की काय! अशी वीज टिकते, आपोआप वाढत नाही."

"तीनदा पाहिलं मी. काकू बाहेर येऊन बसल्यापासून चढतोय."

बाई उठल्या, दाराकडे एक पाऊल टाकलं.

"अण्णा, आणखी चढला!"

"झडपेवरचा हात काढ, पोरी. हेलियमची नवी टाकी मागव."